पाऊस अडवणारी बाई

(शिरूर व दौंड तालुक्यांतील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शिरूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला एक गोष्ट सांगितली. रेचल केन या अमेरिकन लेखिकेची २००३ साली आलेली 'इल विंड' ही कादंबरी. तिची नायिका जोॲन बाल्डविन. आजच्या शहरांतून गाडी चालवत फिरणारी बाई, पण वारा आणि ढग तिच्या हुकमात. अशा माणसांची एक गुप्त संघटना असते, ती वादळं थोपवते. पुढे त्याच संघटनेचे लोक जोॲनवर खुनाचा आळ घेतात आणि तिच्या मागे लागतात.

ही गोष्ट मी दौंड तालुक्यातल्या एका मंडळात सांगितली. पोरींना मजा वाटली. तेवढ्यात मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "ताई, पाऊस पाडणारी बाई पुस्तकात असंल. आमच्या गावात पाऊस अडवणारी बाई असती. ती मी."

काकूंचे यजमान वारले, त्याच्या पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला. गावात धोंडी निघाली. कडुलिंबाचे डहाळे गुंडाळलेला पोरगा दारोदार येतो आणि बाया त्याच्यावर पाणी ओततात, हे तुम्हाला सांगायला नको. काकू तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. धोंडी त्यांचं दार सोडून पुढे गेली. त्यांनी तांब्यातलं पाणी परत हंड्यात ओतलं.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते, असा आळ घेऊन तिला छळणं हा गुन्हा झाला. त्यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षं झीज सोसली. पण दार सोडून पुढे जाणाऱ्यांना कुठलं कलम लावणार? ते आपल्यालाच बोलावं लागेल.

तेव्हा सरळ बोलू या. आपले तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. २०१५ साली औरंगाबादला विमान आणून सरकारने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ढगात रसायनाचे कण फवारतात, त्याभोवती पाणी जमून थेंब मोठे होतात. पण त्यालाही मुळात पाणी धरलेला ढग लागतो. कोरड्या आभाळातून विमानालाही पाऊस पाडता येत नाही. मग कुंकू पुसलेल्या बाईच्या सावलीने तो अडतो कसा?

पाऊस कुणाच्याच हातात नाही. पडलेलं पाणी मात्र माणसांच्या हातात असतं. खडकवासल्याचं पाणी कालव्याने दौंडकडे येतं, त्यावर ऊस उभा राहतो. इकडे शिरूरमध्ये पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या बायांनी टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले आहेत. हा फरक ढगांनी केलेला नाही.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांच्या डोक्यांवर वाटायचं ठरलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनांनाही हक्क, आणि उसाला बंदी. डोकी मोजली की बाईचंही डोकं मोजावं लागतं, हे आपल्या कामाचं आहे.

बाकी ठिकाणी पाणी सातबाऱ्याच्या मागे चालतं. पाणीवापर संस्थेचं सभासद व्हायचं तर लाभक्षेत्रात नावावर जमीन लागते. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्माने वाटा देणारा कायदा आपल्या राज्यात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. तरी आपल्यापैकी कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? हात वर करा. बघा, मोजता येतील एवढेच हात आहेत.

काकूंचं तेच झालं होतं. यजमानांमागे चार वर्षं वारसनोंद झालेली नव्हती. विहीर दिरांच्या ताब्यात. पाळी आली की काकूंचं पीक शेवटी भिजणार, तेही वीज राहिली तर. मला वाटायचं, त्या गावाच्या बोलण्याने खचल्या आहेत. मी धीर द्यायला गेले तर म्हणाल्या, "मला पाऊस नको पाडायला, ताई. विहिरीच्या कागदावर नाव लावून द्या."

मंडळाच्या सातजणी त्यांच्याबरोबर तलाठ्याकडे गेल्या. अर्ज दिला, पोच घेतली. दिरांनी हरकत घेतली आहे, सुनावणी व्हायची आहे. घरात कुणी काकूंशी बोलत नाही. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही.

पण दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. घरी गेल्यावर आपापला सातबारा काढून बघा. आणि पुढच्या वेळी गावात धोंडी निघाली, तर ती कुणाचं दार सोडून जाते ते बघा. त्या दारात, त्या बाईशेजारी, तांब्या घेऊन उभ्या राहा.