रांगेतली तारीख

आमच्या वरठीच्या स्टेशनावर पाटी 'भंडारा रोड'ची. गाव एक, नाव दुसरं. माझा भाचा अमेरिकेत असाच राहतो. घर त्याचं, व्हिसा मालकाच्या भरवशावर. गेल्या वर्षी त्यानं कंपनी बदलली. ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची मंजुरी, अर्ज, सारं नव्या मालकानं पुन्हा करायचं. जुन्या मालकाचा अर्ज मंजूर झालेला, म्हणून रांगेतली तारीख तेवढी शाबूत राहिली. एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा, त्यात आपली रांग वर्षानुवर्षांची. अविवाहित लेकरं साधारण २१ वर्षांपर्यंतच बापाच्या अर्जात धरतात. त्याची पोर सोळाची.

"मामू, तारीख वाचली!" तो फोनवर म्हणाला.

शेजारी बसलेल्या बहिणीनं विचारलं, "येणार कोणत्या तारखेला?"