नव्या रस्त्याची भेग आणि पहिल्या दिवसाचं गणित

अंधेरी असो की बोरिवली, मुलुंड असो की घाटकोपर, काँक्रीटचा रस्ता होताना आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं. पुढे दुसरा टप्पा आला, आणि २०२४ मध्ये महापालिकेने कामाच्या दर्जावर देखरेख ठेवायला पवईच्या आयआयटीला बोलावलं. नवा रस्ता झाला आणि त्यावर केसासारखी भेग दिसली, की आम्हा बायकांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "माल खाल्ला!" कधी ते खरंही असेल. पण माल चोख असूनही भेग पडू शकते, आणि तिचा धोका काँक्रीट टाकण्याआधीच संगणकावर काढता येतो. आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.

ओलं काँक्रीट पसरलं की खडी आणि वाळू खाली बसते, थोडं पाणी वर येतं. ते पाणी वर येण्याच्या वेगापेक्षा लवकर उडून गेलं, तर वरचा थर आकसतो. खालचं काँक्रीट त्याला आकसू देत नाही. अंगात ताकद आलेली नसते, म्हणून तो फाटतो. भर वाऱ्यात टाकलेल्या पापडाचं काय होतं, ते आपल्याला ठाऊकच आहे.

पाणी किती वेगाने उडेल, हे चार गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, काँक्रीटचं तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा. ऑस्ट्रेलियाचे अभियंते पॉल उनो यांनी १९९८ मध्ये यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. साध्या संगणकावर ते सहज बसतं. आम्ही त्यात आपल्याकडच्या हवेला साजेसे आकडे घालून पाहिले.

मार्चची दुपार घ्या. समुद्राचा वारा अजून आलेला नाही, जमिनीकडून कोरडा वारा सुटलाय. हवा ३७ अंश, काँक्रीट ३६, आर्द्रता २५ टक्के, वारा ताशी २० किलोमीटर. एका चौरस मीटरमधून तासाला जवळजवळ १.९ लिटर पाणी उडतं. १ लिटरच्या वर गेलं की धोका, असं अभियंते मानतात. आता तेच काम रात्री करा. हवा २४ अंश, काँक्रीट २८, आर्द्रता ६५ टक्के, वारा ताशी ८ किलोमीटर. उत्तर येतं साधारण ०.४ लिटर. सिमेंट तेच, माणसं तीच. बदलली ती फक्त वेळ.

हे झालं पहिल्या काही तासांचं. पुढे सिमेंट पाण्याशी मिळताना स्वतःच तापतं, मग रात्री निवतं, आणि निवताना पुन्हा आकसतं. अमेरिकेच्या महामार्ग खात्यासाठी तयार झालेली 'हायपरपेव्ह' नावाची संगणक प्रणाली पहिल्या ७२ तासांचा असा हिशेब करते. ती दोन रेघा काढते. एक काँक्रीटच्या वाढत्या ताकदीची, दुसरी त्याच्यावर येणाऱ्या ताणाची. ताणाची रेघ ताकदीच्या वर गेली, की तिथे भेग.

म्हणूनच रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवे काप देतात. वड्या थापल्यावर आपण सुरी कधी फिरवतो? फार गरम असताना फिरवली तर चिकटतं, गार झाल्यावर फिरवली तर वडी वाकडीतिकडी तुटते. इथेही तसंच. वेळेवर काप दिला तर भेग त्या कापाखाली सरळ उतरते, उशीर झाला तर ती आपली वाट आपण शोधते.

पण संगणकाला जे सांगावं, त्यावरच तो उत्तर देतो. मिक्सर गाडी वाहतुकीत अडकली, माल घट्ट झाला आणि कोणी त्यात बादलीभर पाणी ओतलं, तर सगळं गणित कोलमडतं. त्या बादलीची खबर संगणकाला नसते. ती जवळ उभ्या असलेल्या माणसालाच असते.

म्हणून मैत्रिणींनो, भेग पडल्यावर बोलण्यापेक्षा पहिल्या दिवशी बघा. काम भर दुपारी झालं की संध्याकाळनंतर? पृष्ठभाग सारखा केल्यावर लगेच पांढरा फवारा मारला का, प्लास्टिक झाकलं का? नंतर गोणपाट अंथरलं का, आणि ते ओलं आहे की नुसतंच पडलंय? गाडीत वरून पाणी ओतलं का? तारीख, वेळ लिहून ठेवा, फोटो काढा, आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार देताना ते जोडा. "रस्ता खराब आहे" यापेक्षा "१२ तारखेला दुपारी दोनला टाकला, दुसऱ्या दिवशी गोणपाट कोरडं होतं" याला जास्त वजन असतं.

घराचा स्लॅब असो की गच्ची, नियम हाच. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटचं काम किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं. फ्लाय ॲश घातलेल्या पीपीसी सिमेंटचं किमान १० दिवस, उन्हाळ्यात कुठलंही सिमेंट असलं तरी १० दिवस. गोणीवर पीपीसी लिहिलंय का, ते वाचा आणि गवंड्याला दिवस मोजून सांगा.

भेगेतून पावसाचं पाणी शिरतं, घरात ते सळीपर्यंत पोचतं आणि सळी गंजते. ती दुरुस्ती आपल्याच पैशांतून होते. त्यापेक्षा ओलं गोणपाट कितीतरी स्वस्त. आपल्या गल्लीत काम निघालं, तर एवढं बघाल ना?