जमिनीच्या वाढत्या भावात वाटा कुणाचा?

स्थापत्य व नगररचना शाखांच्या स्नातकांनो,

उद्यापासून तुम्ही नकाशावर रस्ते, जलवाहिन्या, गटारं आखाल. त्यातली एकेक रेघ पैसा मागते. तो कुठून येतो हे समजून घ्यायचं, तर नवी मुंबईकडे पाहा.

१९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, तेव्हा सरकारने तिला ३ कोटी ९५ लाखांचं भागभांडवल दिलं. एवढ्यात शहर उभं राहत नाही. म्हणून जमीन हेच भांडवल मानलं गेलं. ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं संपादित करायची, रस्ते-पाणी आणायचं, भूखंड विकायचे आणि आलेला पैसा पुढच्या नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, घालायचा. मानखुर्द-बेलापूर रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली. वाशी स्थानकात मान वर करून पाहा, फलाटांच्या डोक्यावर कार्यालयांचे मजले आहेत. लोकलमुळे त्या जागेला जो भाव आला, त्यातूनच लोकलचा खर्च भरून काढण्याची ती तजवीज. अर्थकारण इमारतीत इतकं उघड क्वचितच दिसतं.

ज्यांची जमीन गेली, त्यांना मात्र या वाढलेल्या भावात वाटा नव्हता. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्यानंतर मिळाला. तो पहिल्याच दिवशी कागदावर असायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. नगररचना योजनेचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ पासून होता. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्त्यांना आणि बागांना लागेल तेवढी जागा काढायची आणि उरलेले आखीव भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. वाट माहीत होती, ती धरली नाही.

जमिनीतून पैसा उभा करण्याला मर्यादाही आहे: भूखंड एकदाच विकता येतो. पाणी रोज सोडावं लागतं, नाले दर पावसाळ्याआधी उपसावे लागतात. हा खर्च घरपट्टी-पाणीपट्टीतून निघायला हवा. जकात गेल्यापासून महापालिका राज्याच्या अनुदानाची वाट पाहत बसतात, म्हणून तर तो जास्तच निघायला हवा. निवडणुकीच्या तोंडावर करवाढ नको म्हणणाऱ्यांसमोर देखभालीचे आकडे मांडायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा गप्प बसू नका.

मित्रमैत्रिणींनो, ज्या आराखड्यावर तुमची सही मागितली जाईल, त्यात पैसा कुठून येणार आणि जमीन देणाऱ्याच्या पदरात काय पडणार हे आधी शोधा. ही दोन्ही उत्तरं त्यात नसतील, तर सही करू नका.