प्लेट फुकटची होती, तेवढं सांगा

बडोद्याच्या सयाजीगंजात संध्याकाळी सेव-उसळीच्या एखाद्या लारीपाशी जरा उभे राहा. कोणीतरी मोबाईल उंच धरून उसळीवर ओतली जाणारी लाल तर्री टिपत असतं, वर पडणारी सेवेची मूठ टिपत असतं. ‘बडोद्यात अशी उसळ दुसरीकडे नाही!’ प्लेट संपते, हात खिशाकडे जातो, आणि मालक म्हणतो, “रहेवा दो ने, बेन.”

आता ही फुकटची प्लेट सांगून टाकायची, असा सरकारी दंडक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा. त्याखाली जून २०२२मध्ये फसव्या जाहिरातींविषयीचे नियम आले आणि जानेवारी २०२३मध्ये सोशल मीडियावर शिफारशी करणाऱ्यांसाठी खास पुस्तिका निघाली. पैसे, भेटी, सवलत, हॉटेलातला मुक्काम, इतकंच काय, न मागता घरी आलेली वस्तूसुद्धा उघड करायची. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत.

मला त्यातली भाषेची अट फार आवडली. शिफारस ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. तोंडभर कौतुक मराठीत करायचं आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘ॲड’ लिहायचं, हे चालणार नाही. व्हिडिओ असेल तर लिहून दाखवायचं आणि बोलायचंही.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं २००९मध्ये असाच नियम काढला, तेव्हा ब्लॉगवर पुस्तकांविषयी लिहिणारे चिडले. वर्तमानपत्रांच्या समीक्षकांनाही पुस्तकं फुकटच येतात, मग आम्हीच का? प्रश्न रास्तच होता. आपल्या मराठी मासिकांना मात्र यासाठी कायदा लागला नाही. अभिप्रायार्थ दोन प्रती यायच्या. एक मासिकाकडे राहायची, दुसरी परीक्षण लिहिणाऱ्याच्या कपाटात जायची. आणि ‘साभार पोच’ या मथळ्याखाली पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत असं सगळं छापून यायचं.

त्या यादीत एक गोष्ट मात्र कधी आली नाही. लेखक परीक्षकाचा कोण लागतो? बडोद्यातलं मराठी जग ते केवढं! दांडिया बाजारात कवितासंग्रहाचं प्रकाशन असावं, अध्यक्ष कवीचे साडू, वक्ता जुना विद्यार्थी आणि परीक्षण शेजाऱ्याकडे. दोनशे रुपयांच्या पुस्तकानं कोणी विकलं जात नाही हो. पण साडूच्या कवितेला टुकार म्हणायची छाती कोणाची आहे? त्या सरकारी पुस्तिकेत फुकटच्या वस्तूंच्याच पंक्तीला नातेसंबंधही बसवले आहेत, हे मला नेमकं वाटलं. परीक्षणाला जाहिरात म्हणायचं की नाही, यावर वकिलांनी खुशाल भांडावं. ‘कवी माझे साडू आहेत’ एवढी ओळ परीक्षणाच्या डोक्यावर छापून पाहा. वाचणारे घटणार नाहीत, उलट वाढतील.