गुलमोहराच्या दिवसांतला नाताळ



आळेफाटा हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून वाचलेलं असेल. पुण्याहून नाशिकला जाणारा आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा, असे दोन मोठे रस्ते इथं एकमेकांना छेदतात. फाट्याजवळच आळे गाव. ज्ञानेश्वर माउलींनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याची समाधी या गावी आहे, अशी आपली श्रद्धा आहे. मी याच भागातला. धंदा मास्तरकीचा. माझ्या लहानपणी नाताळ म्हणजे आम्हांला काय ठाऊक? शाळेला एक दिवस सुट्टी, एवढंच. तो सण मी पहिल्यांदा पाहिला तो घरापासून हजारो मैल दूर, आणि तिथं त्यानं मला शिकवावं कसं, हे शिकवलं. तीच हकीकत आज आपल्याला सांगणार आहे.

२०१३ साली मराठी शिकवायला म्हणून मी मॉरिशसला गेलो. हिंदी महासागरातलं हे बेट. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकत्र केले, तर जवळपास तेवढाच तो सारा देश. १८३४ सालापासून इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गलबतात बसलेली आपली कोकणातली माणसंही होती. ही सारी माणसं पोर्ट लुई शहरी ज्या धक्क्यावर उतरली, त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली युनेस्कोनं त्याची जागतिक वारशात नोंद केली. त्या मजुरांचे पणतू-खापरपणतू आता तिथले नागरिक आहेत. तिथं गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी त्यांनी अजून जपली आहे. पण घरात बोलायची भाषा बहुतेकांची क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. मराठी उरली ती आरतीची आणि लग्नकार्याची.

एका खेड्यातल्या बैठकेत मी संध्याकाळचा वर्ग घेत असे. बैठक म्हणजे आपल्या चावडीसारखी जागा. मजुरीच्या काळापासून लोक तिथं दिवसाचं काम संपल्यावर पोराबाळांना आपली भाषा शिकवीत आले. माझ्या वर्गात पहिल्यांदा अकरा मुलं होती. दिवाळी आली तेव्हा मी मोठ्या हौसेनं निबंध दिला, 'माझी दिवाळी'. फळ्यावर मुद्दे लिहून दिले : पहाटेची थंडी, अभ्यंगस्नान, मातीचा किल्ला, फराळ. मुलांनी ते इमानेइतबारे उतरवले. 'दिवाळीत कडाक्याची थंडी पडते,' असं कपाळावरचा घाम पुसत पुसत लिहिलं! कारण ते बेट विषुववृत्ताच्या खाली. आपल्याकडे थंडी सुरू होते, तेव्हा तिथं उन्हाळा चढत असतो. ते वाक्य मी बरोबर म्हणून तपासलं, खाली सहीदेखील केली. आपण काय करतो आहोत हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

डिसेंबर उजाडेतो वर्गात चारच मुलं उरली. वेद वदलेल्या रेड्याची समाधी असलेल्या आळ्याच्या शेजारचा मी, आणि मला या गोड पोरांकडून चार वाक्यं मराठी वदवून घेता येईनात! रात्री खोलीवर बसून मी परत येण्याविषयी घरी पत्रही लिहायला घेतलं होतं.

तेवढ्यात नाताळ आला. तिथं डिसेंबरात गुलमोहर फुलतो. रस्ते लालभडक होतात, बाजारात लीचीचे घोस लटकतात, कामकऱ्यांच्या हाती वर्षअखेरचा बोनस पडतो. देशात सुमारे निम्मे लोक हिंदू, तर एक-तृतीयांशाच्या आसपास ख्रिस्ती. पण नाताळाचं कौतुक घरोघर. मी ज्या मराठी कुटुंबाच्या शेजारी राहत होतो, त्यांच्या देवघरात गणपती, आणि ओटीवर सुरूची हिरवी फांदी रंगीत कागदांनी सजवलेली. बर्फातला देवदार तिथं कुठून यायचा? समुद्रकाठी सुरू वाढतो, तोच त्यांचा नाताळाचा वृक्ष. त्या घरच्या आजींनी मला जेवायला बोलावलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "गुरुजी, तुमच्या गावात नोएल कसा करतात?"

आता काय सांगावं? "आमच्याकडे करीत नाहीत," असं म्हणून मी मोकळा होणार, एवढ्यात लक्ष गेलं ते सुरूच्या बुंध्याशी मांडलेल्या मातीच्या चित्रांकडे. गोठा, बाळ येशू, त्याची आई, आणि हातात काठी घेतलेले दोन मेंढपाळ. मी म्हणालो, "आजी, नाताळ आमच्या गावात नसतो, पण हे दोघे मात्र दर वर्षी येतात."

मुलं हसली. त्यांनी मेंढपाळ पाहिला होता तो फक्त मातीचा. मग मी त्यांना आपला धनगर सांगितला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून तो आमच्या रानात उतरतो. शेतकरी खतासाठी त्याची मेंढरं वावरात बसवून घेतो. रात्री मेंढरांभोवती जाळी बांधतात, तिला वाघर म्हणतात. खांद्यावर घोंगडी घेऊन तो उघड्यावर राखण करतो. बेथलेहेमच्या रानातले मेंढपाळही असेच रात्रीचे जागे होते, म्हणून जन्माची वार्ता पहिल्यांदा त्यांना कळली, असं बायबल सांगतं. ही गोष्ट त्या मुलांना क्रिओलमध्ये पाठ होती. मराठीत त्यांनी ती त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. "वाघर म्हणजे काय? घोंगडी टोचते का?" अशा प्रश्नांचा भडिमार सुरू झाला, आणि तोही मराठीत!

मी त्यांना आणखी एक गंमत सांगितली. आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्यांचा 'नोएल' फ्रेंचांकडून. पण दोहोंचं मूळ लॅटिन भाषेतल्या जन्मवाचक शब्दात आहे. म्हणजे एका आजीच्या दोन नाती, एक गोव्याला वाढली, एक फ्रान्सला.

पुढच्या वर्गाला मी फळ्यावर मुद्दे लिहिले नाहीत. 'आमच्या घरचा नाताळ' एवढंच लिहिलं. एका मुलीनं पाच ओळी लिहिल्या. नाताळात फार गरम होतं. बाबा सुरूची फांदी आणतात. आजी आधी गणपतीला दिवा लावते, मग झाडाला. आम्ही लीची खातो आणि बिया कोंबड्यांना टाकतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. पण प्रत्येक वाक्य तिचं स्वतःचं होतं. जानेवारीत वर्गात नऊ मुलं होती. घरी लिहायला घेतलेलं पत्र अर्धंच राहिलं.

श्रोतेहो, त्या दिवसांत मला फादर स्टीफन्सची फार आठवण येई. एम.ए.ला असताना त्याचं 'ख्रिस्तपुराण' परीक्षेपुरतं वाचलं होतं. हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात आला आणि परत मायदेशी गेला नाही. १६१९ साली तिथंच वारला. म्हणजे सुमारे चाळीस नाताळ त्यानं परक्या मुलखात काढले. त्या काळी पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडली होती, लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या होत्या. ते दुःख विसरता येत नाही. पण ज्यांना पुराण ऐकायची सवय आहे, त्यांना पुराणच हवं, एवढं या माणसानं ओळखलं. येशूच्या जन्माची कथा त्यानं मराठी ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापला गेला. आपला सण परक्याला समजावून द्यायचा, तर आधी त्याची भाषा आणि त्याचं अंगण पाहावं लागतं. मी दिवाळी शिकवताना नेमकं हेच विसरलो होतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे सारं तुम्हांला सांगायचं कारण आहे. डिसेंबरात आपल्याकडे कारखान्यांचे हंगाम जोरात असतात. बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, आणि त्यांची मुलं चार-पाच महिन्यांसाठी आपल्या शाळेत येऊन बसतात. ती परक्या मुलखातच असतात. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींच्या वर्गात असा एक मुलगा होता. दोन आठवडे त्यानं तोंड उघडलं नाही. 'माझे गाव' हा निबंध त्याला जमेना. शेवटी गुरुजींनी त्याला विचारलं, "तुझ्या बैलांची नावं काय रे?" आणि पोरगा बोलू लागला. बैलांची नावं, मोळी कशी बांधतात, वाढं कुणाला विकतात, पहाटे कोपीत किती गार लागतं, सगळं त्यानं सांगितलं. ते सगळं गुरुजींनी फळ्यावर लिहिलं आणि तोच त्या दिवशीचा धडा झाला.

यंदाच्या नाताळाच्या सुट्टीआधी आपल्या वर्गातल्या अशा एखाद्या मुलाला त्याच्या घरचं काही विचारून पाहा.