वारकऱ्याचा होकार
(पंढरपूर येथील व्याख्यानाची संहिता)



आषाढीला पंढरपुरात लक्षावधी वारकरी येतात. एकेकाळी या यात्रेवर पटकीचे सावट असे. पाणी दूषित होई, रोग उद्भवे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंसोबत गावोगाव पोहोचे. तो रोखण्यासाठी विसाव्या शतकात यात्रेकरूंना लस टोचण्याची सक्ती झाली. हेतू जीव वाचवण्याचाच होता. तरीही वैद्यकीय नीतीचा मूळ प्रश्न त्या सुईच्या टोकाशी उभा आहे. माणसाच्या हितासाठी का होईना, त्याच्या संमतीवाचून त्याच्या देहाला हात लावावा काय?

वैद्याच्या आचाराचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षेच्या वेळी करावयाचा उपदेश आहे. रुग्णाच्या आरोग्यासाठी सर्वस्वाने झटावे, स्वतःच्या उपजीविकेसाठीही त्याचा द्रोह करू नये, घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हे त्याचे सार. ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या शपथेतही अपाय न करणे आणि गुप्तता पाळणे ही सूत्रे आढळतात. मात्र अभिमानाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. राजाच्या शत्रूंवर उपचार करू नयेत, पती वा पालक जवळ नसताना स्त्रीवर उपचार करू नयेत, असेही त्याच उपदेशात आहे. रुग्णाचे हित तेथे आहे. रुग्णाचा स्वतंत्र होकार मात्र नाही.

होकाराचे मोल महाराष्ट्राला १८९७ साली कळले. प्लेगच्या साथीत पुण्यात सैनिक घरांत शिरले, तपासणीच्या नावाखाली स्त्रियांची विटंबना झाली. त्या संतापातून २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. एकीकडे सत्तेचा बडगा, दुसरीकडे विश्वास मिळविण्याची धडपड! दोन्ही मार्ग एकाच साथीत दिसले.

पुढे नाझी डॉक्टरांच्या अमानुष प्रयोगांवर न्यूरेंबर्ग येथे खटला चालला. १९४७ च्या निकालात मांडलेल्या दहा सूत्रांपैकी पहिले सूत्र स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे होते. १९७९ मध्ये ब्यूचॅम्प आणि चिल्ड्रेस या अमेरिकन अभ्यासकांनी स्वायत्तता, हित, अहितवर्जन आणि न्याय ही चार तत्त्वे मांडली. भारतातही जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान रुग्ण शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या अवस्थेत असताना, तातडी नसेल तर आईने दिलेली संमती पुरेशी नाही.

मग साथीत सक्ती सर्वथा निषिद्ध काय? तसे नव्हे. एकाचा रोग शेजाऱ्याच्या जिवावर बेततो, तेथे न्यायाचे तत्त्व पुढे येते. पण सक्ती करणाऱ्याने उपाय परिणामकारक असल्याचे आधी सिद्ध केले पाहिजे. पटकीच्या जुन्या लशीचे संरक्षण अपुरे व अल्पकाळ टिकणारे होते. ती रोगाचा प्रसार थांबवीत नसे. म्हणूनच १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तिच्या दाखल्याची अट जागतिक पातळीवर रद्द झाली. शुद्ध पाणी आणि शौचालये यांचे काम सुईने कधीच केले नव्हते.

आज वारीच्या वाटेवर पायांचे फोड धुणारा डॉक्टर सेवाभावाने बसलेला असतो. समोरची निरक्षर माउली ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते. हा तिचा विश्वास आहे. त्याला होकार समजू नये. औषध कशाचे, त्याने काय होईल, हे तिच्या बोलीत सांगून तिचे उत्तर ऐकण्यास दोन मिनिटे लागतात. वारीत एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. समोरच्याला पूर्ण माणूस मानण्याची ती रीत दवाखान्यात पाळणे, हीच वैद्यकीय नीती.