‘सिंहासन’चा खेळ आणि प्रेक्षकाचे कर्तव्य

(लोणी भापकर येथे ग्रामस्थ व तरुण कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पुष्करणीच्या आणि पुरातन दगडी मंदिरांच्या या गावात एका जुन्या चित्रपटावर व्याख्यान ठेवले गेले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण ज्या चित्रपटाविषयी मी बोलणार आहे, तो निव्वळ करमणुकीचा विषय नाही. १९७९ सालचा ‘सिंहासन’ हा मराठीतील श्रेष्ठ राजकीय चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांनी आपल्या शेजारच्या दौंडमध्ये अनेक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून रुग्णसेवा केली आहे. म्हणजे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

चित्रपटाचा पाया अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा. साधू हाडाचे पत्रकार. मंत्रालयाचे मजले आणि मंत्र्यांच्या बंगल्यांवरील वर्दळ त्यांनी वार्ताहराच्या नजरेने पाहिलेली होती. या दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. कथेचा आरंभ होतो तो एका निनावी दूरध्वनीने. मुख्यमंत्री जिवाजीराव यांना कुणीतरी कळवतो की, तुम्हाला खुर्चीवरून खाली खेचण्याचा कट शिजतो आहे. बस्स, एवढेच! त्या क्षणापासून मुख्यमंत्र्यांच्या मनात संशयाचे चक्र फिरू लागते आणि संशयाची सुई अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्याकडे वळते. अरुण सरनाईक आणि डॉ. श्रीराम लागू यांनी या दोन भूमिका अशा वठवल्या आहेत की, नजरेला नजर भिडली तरी डाव टाकला गेल्याचे आपल्याला कळते.

पाश्चात्त्य राजकीय रहस्यपटांशी याची तुलना करून पाहा. फ्रेडरिक फोर्सिथ यांच्या कादंबरीवरून १९७३ साली ‘द डे ऑफ द जॅकल’ हा गाजलेला चित्रपट निघाला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हत्येसाठी भाडोत्री मारेकरी नेमला जातो, ही त्याची कथा. द गॉल यांची हत्या झाली नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही तो श्वास रोखून बसतो. तेथे उत्कंठा बंदुकीची आहे. ‘सिंहासन’मध्ये खुर्चीच्या लढाईसाठी बंदुकीची गरजच पडत नाही. एखादा आमदार कुणाच्या बंगल्यावर गेला, कुणी कुणाला फोन केला, संप केव्हा सुरू झाला आणि केव्हा मिटला, यातूनच सारी उत्कंठा निर्माण होते. शेवटी सत्तेचे गणित जुळते. परंतु ज्या सामान्य माणसाच्या नावाने हे सारे चालते, त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

काळाचा संदर्भही लक्षात घ्या. ‘सिंहासन’ कादंबरी १९७७ सालची. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळले आणि याच बारामतीचे शरद पवार मुख्यमंत्री झाले. लेखकाने भविष्य वर्तवले असे मी म्हणणार नाही. सत्तेची रीत त्याने जवळून जाणली होती, म्हणूनच त्याचे लिखाण शिळे होत नाही. नोव्हेंबर २०१९ मधील पहाटेचा शपथविधी आठवा, जून २०२२ मधील सुरत-गुवाहाटीचा प्रवास आठवा. तेव्हा आपण सारे काय करीत होतो? दूरदर्शन संचासमोर बसून, पुढे काय होणार म्हणून रहस्यपटासारखी उत्कंठा अनुभवत होतो. पक्ष कोणताही असो, आपली भूमिका मात्र एकच होती : प्रेक्षकाची.

येथेच या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचे पात्र पुढे येते. ते मुख्यमंत्र्यांचे नव्हे आणि अर्थमंत्र्यांचेही नव्हे. ते आहे वार्ताहर दिगू टिपणीसचे. निळू फुले यांनी ही भूमिका अजरामर केली आहे. दिगूला सर्व ठाऊक असते. तो सगळ्यांकडे जातो, सगळ्यांचे ऐकतो, सगळ्यांना ओळखून असतो. पण जाणण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. अखेरीस तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू ऐकताना अंगावर काटा येतो, कारण सारे कळूनही काही न करणाऱ्याची ती परिणती आहे.

महाभारतात संजयाला दिव्यदृष्टी लाभली होती. कुरुक्षेत्रावरचे सारे त्याने पाहिले आणि सांगितले. धृतराष्ट्राने ते सारे ऐकले. त्याला विदुरानेही वेळोवेळी सावध केले होते. माहितीची उणीव धृतराष्ट्राला कधीच नव्हती. उणीव होती ती निश्चयाची. दिगू हा आजचा संजय आहे, असे मानले, तर धृतराष्ट्र कोण? मंत्रालयात शोधू नका. सारे ऐकून स्वस्थ बसणारा समाज, म्हणजेच आपण, त्या आसनावर बसलो आहोत.

मग करायचे काय? उत्तर मंत्रालयात नाही, ते याच गावात आहे. आपल्या कायद्याने ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. शंभर माणसे! लग्नाच्या पंगतीला याहून अधिक जमतात. पण तेवढीही जमली नाहीत, तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग चार टाळकी बसतात आणि गावाचे निर्णय होतात. सिंहासनाचा खेळ असा रिकाम्या चटयांपासून सुरू होतो.

दिगू टिपणीसला जे कळत होते, ते ओळखीपाळखीने, आतल्या गोटातून. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने कागद पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. रस्त्याच्या कामावर किती खर्च झाला, पाणीयोजनेचा पैसा कोठे गेला, हे साध्या अर्जावर विचारता येते. पण माहिती मिळवून ती चावडीवर रंगवून सांगणे, एवढेच केले तर आपलाही दिगूच होईल. माहितीच्या पुढचे पाऊल ग्रामसभेत उभे राहून, शांतपणे आणि नाव घेऊन प्रश्न विचारण्याचे आहे. तो प्रश्न आपल्या पक्षाच्या, आपल्या भावकीच्या माणसालाही विचारता आला पाहिजे. कार्यकर्त्याची कसोटी तेथेच लागते.

मित्रहो, ‘सिंहासन’ अवश्य पाहा. कुटुंबासह पाहा, घरातील तरुण मुलामुलींना सोबत घ्या. खुर्ची कुणाला मिळाली यावर चर्चा जरूर करा. पण चित्रपट संपल्यावर एक गोष्ट ठरवूनच उठा : येत्या ग्रामसभेला त्या शंभरांत माझ्या घरातून किती जण असतील?